उद्देशाचे वाक्य

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की शरणपूरच्या बाजूला गॅलऱ्यांतून नाताळच्या कागदी चांदण्या लोंबू लागतात. गोदाकाठी सकाळी धुके उतरलेले असते, चहाच्या टपरीवर माणसे पेला दोन्ही हातांत धरून उभी असतात, आणि पारा आणखी किती खाली जाणार याचे अंदाज नाशिककर अशा अभिमानाने सांगतात की जणू थंडी त्यांनी स्वतः लावून वाढवली आहे. अशा वेळी मी स्कूटरवरून त्या चांदण्यांखालून जातो आणि मला ऊन लागते. मफलरच्या आत मानेला घाम सुटतो. कानांत एक वारा शिरतो, तो या गावचा नसतो. परक्या उन्हाळी शहरात एकच नाताळ काढलेल्या माणसाला पुढची प्रत्येक थंडी अशी फसवते. आणि त्या नाताळात रक्त सांडलेले असेल, तर चांदणीचा लाल रंग कागदाचा आहे हे स्वतःस बजावून सांगावे लागते.

मी व्यवसायाने अर्जलेखक आहे. तहसील कचेरीच्या कुंपणाबाहेर सत्तावीस वर्षे माझे टेबल आहे. शालेय शिक्षण नववीपाशी थांबले. परंतु ज्यांचे थांबले नाही असे अनेकजण आपले अर्ज माझ्याकडून शुद्ध करून नेतात, हे नम्रपणे नमूद करतो. वारसनोंद, बांधाची तक्रार, सासरचा छळ, शेजाऱ्याच्या मोरीचे पाणी: माणसाच्या आयुष्यातले सर्व काही शेवटी 'विषय' या शब्दासमोरच्या ओळीत मावते. मारहाणीच्या तक्रारीत माझा हात विशेष मानला जात असे. त्या तक्रारींचा एक साचा आहे. आधी अर्वाच्य शिवीगाळ, नंतर लाथाबुक्क्या, आणि मग ते वाक्य: 'सदर इसमाने मला जीवे ठार मारण्याच्या उद्देशाने'. आम्ही टेबलवाले त्याला नुसते उद्देशाचे वाक्य म्हणतो. थप्पड मारली तरी ते येते, वीट उगारली तरी येते. ठाण्यातला अंमलदार ते वाचतो आणि मनातल्या मनात गाळून टाकतो. लग्नपत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' असे छापतात, तसेच ते. छापले नाही तर चुकल्यासारखे वाटते, आणि छापले म्हणून कोणी खरे मानत नाही.

माझ्या कागदांवर कुऱ्हाडी चालल्या, कोयते चालले, डोकी फुटली. मात्र घाव बसताना मी कधी पाहिला नव्हता. माझ्यापर्यंत माणूस येतो तो पट्टी बांधूनच.

आईकडून माझ्या नावावर दीड एकर द्राक्षबाग आली आहे, म्हणून मी दिंडोरीकडच्या एका बागायतदार गटाचा सभासद. काही वर्षांपूर्वी गटाने केपटाऊनच्या परिसरातील बागा पाहण्यासाठी नऊ जणांचा दौरा काढला. पृथ्वीच्या त्या बाजूला डिसेंबरात उन्हाळा असतो आणि द्राक्षे भरात येतात. नऊ जणांत दौलत आणि सोमनाथ हे सख्खे भाऊ होते. दौलत अठ्ठावन्न वर्षांचा, गटाचा कारभारी, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी आणि तोंडात हुकूम. सोमनाथ त्याच्याहून अठरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हा दौलतनेच त्याला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत सोडले, त्याचे लग्न केले, बाग लावून दिली. सोमनाथ त्याला आण्णा म्हणे आणि अहोजाहो करी.

सोमनाथला या दौऱ्यावर यायचेच नव्हते. दोघांच्या बागा लागून. मजूर आधी दौलतच्या बाजूवर प्लास्टिकचे आच्छादन टाकायला लागले होते, सोमनाथचे अर्धे उघडे राहिले होते, आणि आभाळ ठीक दिसत नव्हते. दौलतने ऐकले नाही. दोघांची नावे कळवली आहेत, दोघे जातील, असे त्याने माझ्या टेबलासमोर उभे राहून सांगितले आणि विषय मिटवला. सोमनाथ खाली मान घालून माझ्या शिक्क्यांची डबी उघडझाप करीत राहिला. मला ते आज्ञाधारकपणाचे चित्र वाटले. त्या डबीचे झाकण किती जोरात मिटत होते, हे आज आठवते.

केपटाऊनला आम्हाला प्रथम भेटला तो वारा. तेथील लोक त्याला डॉक्टर म्हणतात, कारण तो शहराची हवा धुऊन काढतो. शहराच्या पाठीशी आमच्या रामशेज किल्ल्यासारखा सपाट माथ्याचा, परंतु त्याच्या कित्येक पट मोठा डोंगर आहे. वारा सुटला की त्या माथ्यावरून पांढरा ढग उतू जाणाऱ्या दुधासारखा ओघळतो आणि पायथ्याशी पोचण्यापूर्वी फाटून नाहीसा होतो. वर हे असे सौंदर्य. खाली रस्त्यात एक बाई दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभी. दुकानाची पाटी सुटून मोटारीच्या काचेत घुसलेली मी पाहिली. एक समुद्रपक्षी भिंतीवर आपटून आमच्या पायांशी पडला. मान मोडली होती तरी त्याचे पंख बराच वेळ जमीन बडवत राहिले. आमच्यातला विनोदी माणूस निवृत्ती. तो म्हणाला, असला डॉक्टर आपल्याकडे असता तर एक पेशंट शिल्लक राहिला नसता.

आम्ही उतरलो होतो झुलेखाबींच्या घरी. सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्यावरून घट्ट ओढणी. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून बोटीने तिकडे गेले आणि तिथलेच झाले. झुलेखाबींनी भारत कधी पाहिलेला नाही, परंतु घरात त्यांची कोकणी शाबूत. पहिल्या दिवशी दार उघडून त्या म्हणाल्या, "आत येवा, नायतर वारा मारील," आणि आम्ही नऊ बागायतदार सामानासह उंबऱ्यावर थिजून उभे राहिलो. समुद्राच्या त्या टोकाला शंभर वर्षे मिठात घालून ठेवावी तशी ती भाषा राहिली होती. तिला कचेरी ठाऊक नव्हती. सबब, उपरोक्त, सदर इसम, यांपैकी एकही शब्द तिला शिवलेला नव्हता. भाकरी म्हटले की भाकरी, मारणे म्हटले की मारणे. मला तेव्हा ते अडाणीपण वाटले होते.

नाताळ उजाडला तो भगभगीत. आदल्या दिवशी दुकानांच्या काचांत कापसाचा बर्फ लावलेला पाहिला होता, आणि लाल झगा घातलेला एक दाढीवाला सांताक्लॉज दारात उभा राहून स्वतःला पुठ्ठ्याने वारा घेत होता. त्या दिवशी मात्र सारे शहर बंद. रिकाम्या रस्त्यांतून वारा एकटाच दारे ठोठावत हिंडत होता, सुटलेले पत्रे एकमेकांवर आदळत होते, दूर समुद्र पांढरा फेस ओकत होता. सण दुसऱ्याचा असला की सुटीसुद्धा अंगावर येते. घरापासून इतक्या दूर, करण्यासारखे काही नाही, अशी नऊ माणसे एका गच्च खोलीत बसली की कुणाचे घसा खाकरणेसुद्धा भांडणासारखे वाटते.

शेजारच्या ख्रिस्ती म्हाताऱ्याला आमची दया आली असावी. तो गोदीतून निवृत्त झालेला. आम्ही त्याला पीटरबाबा म्हणत असू. त्याने झुलेखाबींसह साऱ्यांना आपल्या अंगणात जेवायला बोलावले. उभे चिरलेले लोखंडी पिंप, त्यात पेटलेली लाकडे, वर जाळी, जाळीवर बोकडाच्या फासळ्या. चरबीचा थेंब पडला की ज्वाळा फुत्कारून हातभर उठे आणि वारा ती आडवी करून माणसाच्या अंगावर धाडी. आमच्यातील तिघा माळकऱ्यांसाठी दूर वेगळी कणसे भाजली. पीटरबाबा आखूड दांड्याच्या लोखंडी फावड्याने निखारे ओढी आणि फावडे तसेच पिंपात टेकवून ठेवी. त्याच्या बायकोने प्रत्येकाला डोक्यात घालायला कागदाचा रंगीत मुकुट दिला, तिकडची रीत आहे. दौलत टोपी काढायला तयार होईना. मग टोपीवरच लाल मुकुट चढवला. राजाच दिसत होता.

त्याच वेळी सोमनाथला घरून फोन आला. आपल्याकडे तेव्हा सायंकाळ. पडद्यावर त्याची बायको होती, पण ती बोलत नव्हती, रडतही नव्हती. एकेका ओळीतून फोन पुढे पुढे नेत दाखवीत होती. गारा वेलींच्या खाली खडीसारख्या पसरल्या होत्या. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. चिरडलेले मणी तारेवरून ठिबकत होते, आणि ज्या फांद्या राहिल्या होत्या त्या चाबकाने फोडलेल्या पाठीसारख्या दिसत होत्या. मग फोन हलला आणि बांधापलीकडे दौलतची बाग दिसली. प्लास्टिकखाली, हिरवीगार.

सोमनाथ म्हणाला, "मी म्हणलं होतं, आण्णा. मला राहू द्या म्हणलं होतं."

दौलत फासळी चघळत होता. वाईट त्यालाही वाटले असणार. परंतु कारभारी माणसाला वाईट वाटले की तो आधी टोमणा मारतो. "तू तिथं असता तर काय केलं असतं रे? एकेका घडावर छत्री धरून बसला असता?"

निवृत्ती हसला. त्याच्या मागोमाग सारे हसले. मीही हसलो, हे कोणत्याही कागदावर आलेले नाही, म्हणून येथे नमूद करतो.

सोमनाथने फोन खिशात ठेवला आणि खिशाचे बटण लावले. मग वाकून पिंपातले फावडे उचलले.

डोके फुटताना नारळ फुटल्यासारखा आवाज होतो, असे मी किती तक्रारींत लिहिले असेल. तसा होत नाही. ओल्या मातीत कुदळ बसावी तसा तो मंद आणि आतला होतो. दौलत गुडघ्यांवर आला. कपाळाची कातडी उघडली आणि रक्त डोळ्यांत, मिशांत, तोंडातल्या घासात उतरले. कागदी मुकुटाने पेट घेतला होता, जळक्या केसांचा वास सुटला. पिंपाला कुणाचा तरी धक्का लागला. निखारे गवतावर घरंगळले, वाऱ्याने ते वाळक्या कुंपणात नेऊन घातले आणि कुंपण धडधडून पेटले. पीटरबाबाची बायको नळी घेऊन धावली, पाण्याची वाफ झाली, वाफेत माणसे एकमेकांना ढकलीत होती. वाऱ्याने दौलतच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे नेली. सोमनाथने फावडे टाकले, गडग्यावरून उडी मारली आणि धावत सुटला.

झुलेखाबी आपली ओढणी दौलतच्या कपाळाला गुंडाळीत होत्या. भिंतीला टेकून बसलेल्या दौलतने तोंडातले रक्त थुंकले आणि मला म्हणाला, "तात्या, लिवा. आत घाला त्याला."

बाकीचे पाण्यासाठी धावले. मी कागदासाठी धावलो.

लांब तावांचा गठ्ठा मी प्रवासातही जवळ बाळगतो. इस्पितळात दौलतला टाके घालीत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी दोन पाने लिहिली. इतके वळणदार अक्षर माझ्या हातून क्वचितच उतरले असेल. सारे सहप्रवासी भोवती उभे होते, कोणाला काय करावे सुचत नव्हते, आणि त्या गोंधळात एक मीच असा होतो ज्याला आपले काम ठाऊक होते. साचा आपोआप येत गेला. वर्मी घाव घातला. जीवे ठार मारण्याच्या उद्देशाने. घटनास्थळावरून पसार झाला.

इस्पितळाने कळवल्यावरून पोलीस आले, त्यांत एक बाई अधिकारी होत्या. मी उभा राहून तक्रार खणखणीत वाचली. झुलेखाबी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत गेल्या. उद्देशाच्या वाक्याशी त्या अडल्या.

"त्याच्या मनात भावाला मारून टाकायचा होता?" त्यांनी मला विचारले. "खराच?"

मी म्हणालो, "लिहिले आहे तसे सांगा."

त्यांनी खालच्या आवाजात तसे सांगितले. अधिकारी बाईंचे पेन थांबले. त्यांनी ते वाक्य पुन्हा सांगायला लावले आणि मग सावकाश, शब्द शब्द लिहून घेतले. नाशिकमध्ये त्या वाक्यापाशी कोणाचेही पेन आजपर्यंत थांबले नव्हते. मला त्या क्षणी, खरे सांगतो, आपल्या लेखणीचा अभिमान वाटला.

सोमनाथ दोन गल्ल्या पलीकडेच सापडला. खुनाचा प्रयत्न, असा आरोप लागला.

दुसरा दिवसही सुटीचा. वारा पडलेला नव्हता. घराच्या फटींतून शीळ घालून त्याने आम्हाला वेड लावले. परतीचे विमान तीन दिवसांवर आले होते. झुलेखाबी चौकशी करून आल्या आणि म्हणाल्या, या आरोपात माणूस महिनेच्या महिने सुटत नाही, तुम्हाला त्याला इथे ठेवून जावे लागेल. जेवायच्या टेबलावर दौलत भाताकडे बघत बसला होता. पट्टीखाली त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

"तात्या, त्याला भात देत असतील का हो?"

मी म्हणालो, देत असतील.

"त्याला पावानं पोट दुखतं. लहानपणापासून." मग आवाज न चढवता तो म्हणाला, "माझा राग तासाभरात गेला. तुमचा कागद काय जाईना."

तो त्याच दिवशी पोलीस ठाण्यावर जाऊन तक्रार मागे घेतो म्हणून सांगून आला होता. त्यांनी मानले नाही. मार खाल्लेले घरचे माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीच मागे घेते, असे त्या बाई म्हणाल्या. ज्याने पाहिले आणि लिहिले, त्याला पाठवा.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी त्या खोलीत बसलो. साधी खोली, एक टेबल, कोपऱ्यात उरलेली नाताळची झिरमिळी पंख्याच्या वाऱ्याने हलत होती. शेजारी झुलेखाबी. अधिकारी बाई शांत, सावळ्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी विचारले, त्याचा उद्देश तुम्ही कशावरून ओळखला? तो काही बोलला का?

मी सांगू लागलो. आमच्याकडे अशा तक्रारीत ते वाक्य लिहिण्याची रीत आहे. ते लिहिल्याशिवाय तक्रारीला वजन येत नाही. वाचणाराही त्याचे वजन कमी करूनच वाचतो. मी चांगली पाच मिनिटे बोललो. झुलेखाबींनी एक अक्षरही इंग्रजीत नेले नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"म्हंजे तू खोटा लिवलास?"

"खोटे नव्हे. पद्धत."

"पद्धतीला हिथं शब्द नाय, बाबा. खरा काय खोटा, ता सांग. मी ताच सांगतंय."

खिडकीची काच वाऱ्याने थरथरत होती. ज्या वाक्यावर माझे घर चालले, मुलीचे लग्न झाले, माझ्या टेबलासमोर रांग लागली, त्याच्यासाठी मला दोनच शब्दांतून एक निवडायचा होता.

"खोटे," मी म्हणालो.

तो एकच शब्द झुलेखाबींनी इंग्रजीत सांगितला. अधिकारी बाईंनी विचारले, अशी वाक्ये तुम्ही आणखी किती माणसांविषयी लिहिली आहेत? मला एकलहऱ्याचा एक कंत्राटी कामगार आठवला. त्याने मुकादमाची कॉलर धरली होती, एवढेच. ठाण्यात अंमलदार नवा आलेला. त्याला गाळून वाचायची सवय नव्हती. तो कामगार एकोणीस दिवस आत होता. सुटल्यावर माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, बराच वेळ. मग निघून गेला. मी तेव्हा कोणाचा तरी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज लिहीत होतो आणि मान वर केली नव्हती. कुऱ्हाडी, कोयते सारे माझ्या कागदावर खोटे होते. कोठडी तेवढी खरी होती.

मग बाईंनी टेबलावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या ठेवल्या. एकीत फावडे. दुसरीत दौलतची टोपी, रक्ताने अर्धी काळी. पकडला तेव्हा ही त्याच्या हातात होती, त्या म्हणाल्या. पुरावा नाहीसा करण्यासाठीच तो ही टोपी घेऊन पळाला असावा, तुम्हीही लिहिले आहे की पळून गेला.

मी पिशवी जवळ ओढली. टोपी चुरगळलेली नव्हती. तिची व्यवस्थित घडी केलेली होती, घरी खुंटीशेजारी ठेवताना करतात तशी.

माझे 'पसार झाला' त्या घडीपाशी निकामी झाले. मी म्हणालो, तो पळाला नाही. टोपी उडाली, तिच्यामागे धावला. आमच्याकडे थोरल्या भावाची टोपी धुळीत पडू देत नाहीत. पडली तर धाकट्याने उचलायची असते, भांडण असले तरी. हात तेव्हा विचार करीत नाही.

झुलेखाबींनी हे खूप वेळ लावून सांगितले. मी बोललो होतो त्याहून जास्त सांगत असाव्यात. मध्येच त्यांनी ओढणीचे टोक डोळ्यांना लावले. बाई टोपीच्या घडीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. त्याने फावडे दुसऱ्यांदा उचलले होते का?

मी डोळे मिटले आणि आयुष्यात प्रथमच, साचा बाजूला ठेवून, पाहिलेले पाहिले. दौलत गुडघ्यांवर. मुकुट जळतो आहे. सोमनाथ उभा. फावडे दोन्ही हातांत, डोक्याच्या वर गेलेले. खांदे मागे ताणलेले, जसे लाकूड फोडताना शेवटच्या घावाला ताणतात. आणि त्याचा चेहरा. त्यावर राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते. त्या चेहऱ्यावर एक काम पूर्ण करायचे होते. मग वाऱ्याचा झोत आला आणि टोपी उडाली.

न पाहता लिहिलेले ते वाक्य खरे होते.

"नाही," मी म्हणालो. "एकदाच."

सायंकाळपर्यंत सरकारी वकिलाने भारी आरोप सोडून दिला आणि उरलेल्या मारहाणीबद्दल दौलतची तक्रार नसल्याने सक्त समज देऊन सोमनाथला मोकळे केले. विमानात दोघे भाऊ शेजारी बसले. टोपी पोलिसांनी परत केली होती. ती सोमनाथच्या मांडीवर होती. दौलतचे डोके पट्टीत होते, त्याला घालता येत नव्हती. सोमनाथपुढे पावाचे ताट आले तेव्हा दौलतने आपल्यातला भात भावाच्या ताटात सारला.

त्यानंतर उद्देशाचे वाक्य मी विचारल्याशिवाय लिहीत नाही. पक्षकाराला विचारतो: काय झाले, तू काय पाहिलेस, तो काय बोलला. लोक चिडतात. आमचा अर्ज नेभळट होतो म्हणतात आणि पलीकडच्या टेबलाकडे जातात. जाऊ देत. मला अडचण वेगळीच आहे. हे वाक्य खोटे म्हणून मी सोडले, आणि ज्या एका ठिकाणी मी ते सर्वांदेखत खोटे म्हणालो, तिथेच ते खरे होते. मी केले ते न्याय की अपराध, हे ठरवण्याइतके माझे शिक्षण नाही. डिसेंबर आला, चांदण्या लोंबल्या, की तो प्रश्न वाऱ्यासारखा दार ठोठावतो.

परवा दौलत आला होता. शिवरस्त्यावरचे अतिक्रमण काढण्याबाबत अर्ज करायचा होता, साधाच. सोमनाथ रस्त्यापलीकडे मोटारसायकलवर बसून होता. मी लिहीत असताना दौलतने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि कपाळ पुसले. केसांच्या कडेला तो व्रण अजून पांढरा आहे. त्याने माझ्या कागदाकडे पाहत, जणू रस्त्याविषयीच बोलत असावा अशा स्वरात, विचारले,

"तात्या, दुसऱ्यांदा उचललं होतं, ते तुम्ही त्या बाईला सांगितलं नव्हतं ना?"

माझे पेन थांबले. "तुम्ही पाहिले होते?"

"खालून बघत होतो. रक्तातून, पण दिसत होतं." "मी पण नाय सांगितलं."

मी विचारले, सोमनाथशी कधी बोलणे झाले का.

"नाय. त्याला वाटतं, त्याला एकट्यालाच ठाऊक हाय." दौलतने सही केली, टोपी डोक्यावर नीट बसवली. "वाटू द्या."

तो रस्ता ओलांडून गेला. झाडाचे पान हलत नव्हते, धूर सरळ वर जात होता, अशी ती कोरडी, निश्चल थंडीची सकाळ. दौलत मागे बसला. सोमनाथने गाडी सुरू केली, पण लगेच हलवली नाही. आधी मान वळवून मागे पाहिले.

"आण्णा," तो म्हणाला, "टोपी धरा."